आधी पाठ, मग बैठक

खर्ड्याच्या लढाईचा इतिहास आपण माणसांच्या नावांनी सांगतो. 11 मार्च 1795 रोजी निजाम अलीच्या फौजेसमोर शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पटवर्धन एकत्र उभे राहिले. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते आणि मागे नाना फडणीसांचे राजकारण होते. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि काही दिवसांतच तह पत्करला. लढाईचा कौल तोफांनी आणि कवायती कंपूंनी दिला हे खरेच. पण पुण्याहून, नागपूरहून, हैदराबादच्या बाजूने माणसे या माळापर्यंत पोचली ती मुख्यतः घोड्यांच्या जिवावर. दोन्हीकडच्या फौजा लाखाच्या पुढे होत्या असे इतिहासकार ग्रँट डफ लिहितो, आणि त्यात घोडदळाचा वाटा मोठा होता. एवढ्या जनावरांच्या पाठीवर रोज पहाटे खोगीर चढत होते आणि तंग आवळला जात होता. ते खोगीर त्या पाठीला बसते की नाही, या प्रश्नाला तहनाम्यात जागा नसते. पण ज्याचा घोडा चार मजलांनंतर पाठ सोलवटून खाली बसला, त्या स्वाराची मोहीम तिथेच संपत असे. सव्वादोनशे वर्षांनंतर घोडे कमी झाले, त्यांचे काम बदलले, तरी हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे. किंबहुना आज तो जास्त चुकीच्या पद्धतीने विचारला जातो. खोगीर घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा नंबर विचारतो, आणि तो नंबर घोड्याचा नसतोच, तो स्वाराचा असतो. खोगिराचे माप घोड्याच्या पाठीवरून ठरते, स्वाराच्या बैठकीचा विचार त्यानंतर करायचा, आणि दोन्हींचा मेळ बसत नसेल तर खोगिराखाली कापड कोंबण्याऐवजी स्वार बदलायचा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

दुकानातला नंबर नेमका कशाचा असतो ते आधी पाहू. इंग्रजी धाटणीच्या खोगिराला 16, 16.5, 17, 17.5, 18 असे इंचांत नंबर असतात. पुढच्या कमानीच्या बाजूला एक गोल खिळा दिसतो. तिथपासून मागच्या उठावाच्या मध्यापर्यंत टेप धरला की जे अंतर येते, तोच हा नंबर. तो स्वाराच्या मांडीची लांबी आणि बसायचा घेर पाहून निवडायचा असतो. बसल्यावर पाठीमागे साधारण तळहाताएवढी जागा उरली की बैठक बरोबर आली असे धरतात. अमेरिकी गुराख्यांच्या पद्धतीच्या खोगिरात मोजायची जागा वेगळी असल्याने त्याच माणसाला सुमारे दोन इंचांनी लहान नंबर लागतो. म्हणजे हा आकडा सर्वत्र एकाच अर्थाचा नाही. घोड्याबद्दल तर तो काहीच सांगत नाही. एकाच 17 नंबरची दोन खोगिरे घेतली तर एकाचा आतला सांगाडा अरुंद आणि दुसऱ्याचा पसरट असू शकतो, एकाच्या खालच्या गाद्या लांब आणि दुसऱ्याच्या आखूड असू शकतात. स्वाराला दोन्ही सारखीच वाटतील. घोड्याला मात्र त्यातले एक चालेल आणि दुसरे जखम करील. तेव्हा नंबर पाहून खोगीर घेणारा माणूस प्रत्यक्षात स्वतःचे माप देऊन दुसऱ्यासाठी वस्तू विकत घेत असतो.

आता पाठ. मान संपून पाठ सुरू होते तिथे घोड्याला हाडाचा उंचवटा असतो. तो बैलाच्या वशिंडासारखा मांसल नसतो. मणक्यांची वर आलेली टोके तिथे कातडीच्या जेमतेम खाली असतात. या उंचवट्यावर आणि त्याच्यामागच्या मणक्यांच्या ओळीवर भार पडता कामा नये. भार घ्यायचा तो मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंनी, आणि तोही ठरावीक लांबीतच. पुढची हद्द म्हणजे खांद्याचे फावड्याच्या आकाराचे हाड. पुढचा पाय पुढे पडला की या हाडाचे वरचे टोक मागे सरकते. सांगाड्याचे टोक त्याच्या वाटेत आले तर प्रत्येक पावलाला ठोकर बसते. मागची हद्द म्हणजे शेवटची बरगडी. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. अठराव्या बरगडीच्या मागे कमरेचा भाग लागतो आणि तिथे खालून बरगड्यांचा आधार नसतो. म्हणजे उंच घोडा असो की बुटके तट्टू, खोगिराच्या गादीला मिळणारी जागा या दोन हद्दींच्या मधली, एवढीच. स्वार कितीही लांब मांडीचा असला तरी ती जागा वाढत नाही.

हे माप घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सारखे टाकून, मान सरळ ठेवून उभा करायचा. खांद्याच्या हाडाची मागची कड बोटांनी चाचपून खडूने खूण करायची. त्या खुणेच्या दोन बोटे मागे, वाकवली तशी राहील अशी जाडसर वीजतार उंचवट्यावरून दोन्ही बाजूंना दाबून बसवायची, आकार न मोडता अलगद उचलायची आणि पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची. दुसरी रेघ पाठीच्या सर्वांत खोल जागेवर घ्यायची. तिसरी घ्यायची शेवटच्या बरगडीच्या रेषेत. ही बरगडी पोटाकडून बोटांनी वर वर शोधत मणक्यापर्यंत न्यावी लागते. चौथी रेघ लांबीची, खांद्याच्या खुणेपासून बरगडीच्या खुणेपर्यंत. पुठ्ठ्यावर तारीख आणि घोड्याचे नाव लिहिले की मापाचा कागद तयार. पहिली रेघ सांगाडा किती रुंद हवा ते सांगते, मधल्या दोन गादी कशी भरायची ते आणि चौथी खोगीर किती लांब चालेल ते. पहिल्या रेघेत डावी-उजवी बाजू बहुधा तंतोतंत सारखी निघत नाही. अशा वेळी सांगाडा मोठ्या बाजूच्या मापाने घ्यायचा आणि लहान बाजूची गादी किंचित जास्त भरायची. अरुंद बाजूने माप घेतले तर भरलेल्या बाजूचा खांदा कायमचा चेपला जातो.

खोगीर निवडल्यावर पहिल्यांदा ते खाली काहीही न घालता नुसत्या पाठीवर ठेवून पाहायचे. उंचवट्याच्या थोडे पुढे ठेवून मागे सरकवले की ते आपोआप एका जागी थांबते, तीच त्याची जागा. तिथे पुढच्या कमानीखाली दोन ते तीन बोटे उभी मावली पाहिजेत, आणि स्वार बसल्यावरही ती फट पूर्ण मिटता कामा नये. मागून वाकून पाहिले तर मणक्यांवरची पन्हळ आरपार दिसली पाहिजे. मग तळहात गादीखाली घालून पुढून मागे न्यायचा. हाताला सगळीकडे सारखा दाब लागला तर ठीक. पुढे दाब, मध्ये पोकळी आणि मागे पुन्हा दाब असे लागले तर खोगीर चार कोपऱ्यांवर टेकले आहे आणि सगळा भार त्या चार जागा सोसणार आहेत. उलट मध्येच टेकून पुढे-मागे झुलत असेल तर ते पाठीपेक्षा जास्त वाकडे आहे. अर्धा तास चालवल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा पाहायचा. ओल्या भागात मध्येच कोरडा डाग दिसला तर थांबावे. तिथे एक तर दाब इतका आहे की घाम फुटला नाही, नाही तर गादी टेकलीच नाही. तिथला केस चोळवटलेला आहे का, हात लावल्यावर घोडा अंग चोरतो का, यावरून दोन्हींतला फरक कळतो. दाबच असेल तर पुढे त्याच जागी पांढरे केस उगवतात, कारण रक्तपुरवठा तुटून केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी मरतात. एकदा पांढरा झालेला तो ठिपका सहसा परत जात नाही.

इथे वजनाचा हिशेब येतो आणि माप ही निव्वळ भूमिती राहत नाही. गादी जेवढी मोठी तेवढा भार पसरतो आणि दाब कमी होतो. पण गादी वाढवायला बरगडीची हद्द आहे. म्हणून लहान घोड्यावर मोठा स्वार बसवायचा झाला की दोन्ही बाजूंनी कोंडी होते. स्वाराच्या मापाचे 18 नंबरचे खोगीर घ्यावे तर गादी कमरेवर जाते, आणि घोड्याच्या मापाचे आखूड घ्यावे तर तेवढाच भार कमी जागेवर पडून दाब वाढतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात 2008 साली आठ घोड्यांवर स्वतःच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार देऊन पाहण्यात आले. 25 टक्क्यांपासून पुढे स्नायू दुखावल्याच्या खुणा स्पष्ट दिसू लागल्या. आठ घोड्यांचा प्रयोग लहान आहे, पण घोडेस्वारीच्या जगात पूर्वापार चालत आलेली 20 टक्क्यांची मर्यादा त्याने खोटी ठरवली नाही. समजा तट्टू 300 किलोचे आहे. वीस टक्के म्हणजे 60 किलो, त्यातून सात-आठ किलोचे खोगीर वजा केले तर स्वाराला उरले 52 किलो. पर्यटनस्थळी रांगेत उभ्या असलेल्या किती प्रौढ माणसांना हा आकडा लागू पडेल, ते वाचकाने स्वतःच ठरवावे.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येतो, आणि तो खर्ड्यासारख्या गावात तर येणारच. आपल्या पूर्वजांनी तारेने मापे घेतली होती का? लोकर-कापूस भरलेल्या खोगिरावर बसून अटकेपर्यंत गेलेच ना? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, पण तो सिद्ध करतो ते भलतेच. एक तर दख्खनी घोडदळ हलके होते. स्वार सडपातळ, सामान थोडके, चिलखताचा बोजा नाही. दुसरे, भरीव गादीचे देशी खोगीर हाताने शिवलेले असे, आणि ते उसवून भर कमी-जास्त करता येई. म्हणजे मापाचे काम होत होतेच, फक्त ते टेपऐवजी हाताच्या अंदाजाने होत होते. पुण्यात जीनगरांनी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला. घोडदळे मोडल्यावर त्यांना इतर कारागिरीकडे वळावे लागले, आणि पाठ चाचपून खोगीर भरणारा हात त्यांच्याबरोबर बाजारातून गेला. तिसरे, जनावराच्या देखभालीची व्यवस्था फौजेतच विणलेली होती. सभासद बखरीत शिवकालीन पागेची जी रचना दिली आहे, तीत पंचवीस बारगिरांमागे, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांमागे, एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला आहे. शिलेदाराचा तर घोडा स्वतःचाच. पाठ गेली तर पगार गेला, म्हणून खोगीर काढताना तो पाठीवरून हात फिरवणारच. यातले काहीही आजच्या भाड्याच्या घोड्याला लागू नाही. पूर्वजांचा दाखला द्यायचा तर त्यांचे हलके ओझे, उसवता येणारी गादी आणि रोजची तपासणीही घ्यावी लागेल. नुसती 'चालत होते' एवढी आठवण घेऊन भागणार नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. आधुनिक लष्करांनी एकाच नमुन्याची खोगिरे हजारोंनी काढली आणि मापातला फरक घडी घातलेल्या कांबळ्याने भरून काढला, मग आपण का नाही? अमेरिकी लष्कराने 1859 मध्ये स्वीकारलेले मॅक्लेलन खोगीर याच तत्त्वावर चालले. मणक्यावर मधोमध मोकळी फट, खाली घडीचे कांबळे. पण ही लष्कराची सोय होती, घोड्याची नव्हे. ब्रिटिशांनी बोअर युद्धात तीन लाखांहून अधिक घोडे गमावले. उपासमार, लांबचा सागरी प्रवास, रोग, अतिश्रम अशी कारणे एकात एक गुंतलेली होती, त्यामुळे सगळा दोष खोगिरावर टाकणे अन्यायाचे होईल. तरी त्यानंतर 1912 च्या ब्रिटिश नमुन्यात पाठीवर टेकणाऱ्या दोन्ही पाट्या पाठीप्रमाणे हलतील अशा बसवल्या गेल्या. एकच साचा सगळ्यांना चालतो असे मानणाऱ्या व्यवस्थेलाही शेवटी साचा लवचीक करावा लागला. कांबळ्याचे म्हणाल तर ते पोकळी भरते, अरुंदपणा नाही. आधीच घट्ट असलेल्या सांगाड्याखाली आणखी एक घडी घातली की तो आणखी घट्ट होतो. तंग बूट चावतो म्हणून आत दुसरा मोजा चढवण्यातला हा प्रकार आहे. खोगिराखालचा जाड नमदा उपयोगी पडतो तो किंचित सैल खोगिराला, तेही तात्पुरता.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि माझ्या मते खरा आक्षेप हाच. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी इथे घोडा हे पोट भरायचे साधन आहे. प्रत्येक तट्टाला मापाचे नवे खोगीर घ्या असे त्या घोडेवाल्याला सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे. पण सुरुवात नव्या खोगिरापासून करायची गरज नसते. तारेचा तुकडा आणि पुठ्ठा जवळपास फुकट आहे. एका तळावरच्या घोड्यांचे पुठ्ठे आणि तळावरची खोगिरे समोरासमोर ठेवली तर नुसत्या अदलाबदलीने काही जोड्या जमतात. चुरगळून दगड झालेली गादी उसवून नवी लोकर भरायला खोगिराच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागतो. आणि जखमी पाठ फुकट नसते. ऐन हंगामात ती बरी होईपर्यंत घोडा उभा राहतो आणि चारा मात्र खातच राहतो. शिवाय हा केवळ दयेचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखमी जनावराला कामाला जुंपणे गुन्हा आहे. ओझ्याच्या जनावरांबाबत 1965 साली झालेल्या नियमांत तट्टावर लादायच्या ओझ्याला 70 किलोची मर्यादा आहे. त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, आणि ते फारसे कुणाला ठाऊक नसते. खोगिराची कमान आणि घोड्याचा उंचवटा यांच्यात पुरेशी मोकळी जागा न ठेवता खोगीर घालण्यास त्यात मनाई केली आहे. कमानीखाली दोन-तीन बोटे घालून पाहणे ही आपल्याकडे साठ वर्षांपासून कायद्याने अपेक्षित असलेली तपासणी आहे.

मग ती होत का नाही? एक कारण आपल्या पारखीतच आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, नांदेडकडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे येणारा जाणकार अंगावरचे भोवरे मोजतो, मानेवर देवमण हा शुभ भोवरा आहे का पाहतो, चारही पाय आणि कपाळ पांढरे असले की पंचकल्याणी म्हणून जास्त किंमत मोजतो. शुभलक्षण मानलेल्या पांढऱ्या केसांची एवढी बारीक नोंद घेणारी नजर पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून मात्र घसरते. खरे तर त्या ठिपक्यांत या जनावराचा सगळा पूर्वेतिहास लिहिलेला असतो. उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना असतील तर खोगीर अरुंद होते, मणक्यावर असतील तर पन्हळ खाली बसली होती, मागे कमरेजवळ असतील तर खोगीर लांब होते. खोगिराच्या दुकानातही हेच. कशिदा, गोंडे, पितळी फुले यांवर भाव ठरतो आणि उलटे करून गादी दाबून पाहणारा गिऱ्हाईक विरळा. लग्नाच्या वरातीतल्या घोडीवर तर साज एवढा असतो की खाली काय आहे ते दिसतच नाही.

एक शंका जाणकारांकडूनही येते. घोड्याची पाठ बदलत असते. काम वाढले की स्नायू भरतात, उन्हाळ्यात चारा तुटला की पाठ उतरते, पावसाळ्यानंतर पोट सुटते. मग आज घेतलेल्या मापाला अर्थ काय? अर्थ एवढाच की माप एकदा घ्यायची गोष्ट नाही. वर्षातून दोन-तीनदा तार फिरवून जुन्या पुठ्ठ्याशी ताडून पाहिले की फरक डोळ्यांना दिसतो. आणखी एक सावधगिरी हवी. खोगीर सारखे एकाच बाजूला सरकत असेल तर दोष नेहमी मापाचाच नसतो. मागच्या पायात सूक्ष्म लंगडेपणा असला तरी असे होते, इंग्लंडमधल्या पशुवैद्यांनी हे दाखवून दिले आहे. स्वार एका रिकिबीवर जास्त भार देत असेल तरीही होते. गोल पाठीच्या, उंचवटा न दिसणाऱ्या तट्टावर खोगीर फिरते म्हणून लोक तंग करकचून आवळतात. त्याने श्वास अडतो, खोगीर मात्र फिरायचे थांबत नाही. तिथे रुंद सांगाडा आणि सपाट गादी लागते. शर्यतीतून निवृत्त होऊन रायडिंग स्कूलमध्ये आलेल्या थरोब्रेडचे उलट असते, त्याचा उंचवटा उंच आणि पाठ अरुंद. या दोघांना एकच खोगीर आलटून-पालटून घालणे ही सोय नव्हे, एकाला तरी रोज इजा करण्याची ती रीत आहे.

खर्डा ज्या जामखेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात धनगर घरात जन्मलेल्या अहिल्यादेवींचे चोंडी आहे. दख्खनचे धनगर मेंढरांमागे फिरताना आजही ज्या लहान चणीच्या घोड्यावर संसार लादतात, तो भीमथडी घोडा आता कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवला आहे. ही नोंद कागदावर राहू नये असे वाटत असेल तर तिचा पहिला व्यावहारिक उपयोग खोगिरात व्हायला हवा. बाजारातली तयार खोगिरे बहुतांशी परदेशी उंच घोड्यांचे आणि परदेशी स्वारांचे माप धरून बनतात. देशातल्या खोगीर-उद्योगाचे मोठे केंद्र असलेले कानपूर मुख्यतः निर्यातीसाठीच काम करते. भीमथडीच्या पाठीचे शे-दोनशे पुठ्ठे पद्धतशीरपणे गोळा झाले तर रुंदी आणि लांबीचे तीन-चार साचे सहज ठरवता येतील, आणि ते बनवायला लागणारे कौशल्य देशात आहेच. पशुवैद्यकीय महाविद्यालये, घोडेवाल्यांच्या संघटना आणि यात्रा भरवणाऱ्या समित्या यांच्या आवाक्यातले हे काम आहे. तोपर्यंत खरेदीचा क्रम तरी उलटा करता येईल. दुकानात जाताना घोड्याचा पुठ्ठा बरोबर न्यायचा, आधी सांगाड्याची रुंदी, मग गादीची लांबी आणि शेवटी बैठकीचा नंबर विचारायचा. बरगडीच्या आत राहणाऱ्या खोगिरात आपण मावत नसू, किंवा वीस टक्क्यांत बसत नसू, तर तो घोडा आपल्यासाठी नाही. मग दुसरा, मोठा घोडा पाहायचा, नाही तर पायी चालायचे.